खाली कोण पितंय?

“ह्यांना कुनी बोलावलं रं इथं?” माझे चुलते गजाकाका ओरडले आणि हातातलं फावडं त्यांनी तिथेच मातीत रोवलं.

ओहोळाच्या काठावर, स्मशानाच्या पत्र्याच्या शेडच्या जरा अलीकडे शाळेची दोन पोरं उभी होती. ठमी आणि लडकू. अंगात गणवेश, ठमीच्या वेण्यांना लाल रिबिनी, आणि दोघांनी दोन कानांना धरलेली ती निळी टोपली. ती टोपली आमच्या गावात कोणाला ठाऊक नाही? निर्माल्याची टोपली. गणपती असोत, गौरी असोत, कोणाच्या घरची सत्यनारायणाची पूजा असो, हर्षलाबाईंच्या वर्गाची पोरं टोपली घेऊन ओहोळावर हजर. फुलं पाण्यात सोडायची नाहीत, टोपलीत टाकायची.

पण आज पूजा नव्हती. आज तिसरा दिवस होता आणि आम्ही राख सावडायला आलो होतो. राख कोणाची, तर त्याच हर्षलाबाईंच्या लेकीची. माझ्या भाचीची. भावीची.

मला वाटलं, धावत जाऊन त्या कार्ट्यांच्या पाठीत एकेक धपाटा घालावा आणि हाकलून द्यावं. पण थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही त्या पोरांनाच नावं ठेवाल.

मी आवडी. हर्षलावहिनींची नणंद. नवऱ्याचं आणि माझं पटलं नाही, मी माहेरी आले, आणि बसून खायचा माझा स्वभाव नाही म्हणून शाळेत पोरांची खिचडी शिजवायला लागले. वहिनी त्याच शाळेत शिक्षिका. म्हणजे घरात मी नणंद आणि शाळेत त्या माझ्या साहेब, असा सगळा मजेचा कारभार. माझी जीभ तिखट आहे हे गावाला माहीत आहे, वहिनींना तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं.

वहिनी खोपोलीच्या. माहेरी घरात नळ, मोरीत नळ, अंगणातसुद्धा नळ. आमच्याकडे लग्न होऊन आल्या आणि इथला ओहोळ बघून खुळावल्याच. मी म्हणायचे, “वहिनी, तुमी कदी उन्हाळ्यात डोईवर हंडा वाहिला नाय, म्हून तुमाला पाण्याचं एवढं कवतिक.” त्या हसायच्या. चिडायच्या नाहीत, हाच त्यांचा मला राग. भांडण करायला समोरचा नीट चिडावा तरी लागतो.

शनिवारी पोरांना दप्तर नसतं. बाकीच्या शाळांत त्या दिवशी गाणी, कवायत असलं काहीबाही चालतं. वहिनी पोरांना घेऊन ओहोळावर. कुठे झरा आहे, कुठे गुरं धुतात, कुठे बाया कपडे धुतात, कुठल्या चढावरची माती पावसात वाहून खाली येते, हे पोरांनी बघायचं. माती जाते तिथे दगडं रचायची. दिवाळी झाली की सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती भरून ओहोळाला आडवा बांध घालायचा, म्हणजे पाणी थोडं अडतं आणि पुढे उन्हाळ्यात विहिरीला लागतं. सुरुवातीला गाव हसलं. मग एका उन्हाळ्यात पाटलांच्या विहिरीचं पाणी नेहमीपेक्षा जास्त टिकलं, तेव्हा गावाने हसणं आवरतं घेतलं.

त्यांचे नियम फार. पाण्याजवळ अनवाणी यायचं नाही. पावसाळ्यात ओहोळ काठावरूनच बघायचा, आत उतरायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम जोडीचा. प्रत्येक पोराला एक जोडीदार. जोडीदाराला सोडून कुठे जायचं नाही, जोडीदाराचं ऐकायचं, जोडीदाराचं काही हरवलं-पडलं तर आपण बघायचं. ओहोळावर पोचल्या पोचल्या वहिनी मोठ्याने म्हणायच्या, “जोडी!” की पोरं आपापल्या जोडीदाराचा हात धरून वर करायची. एखादा हात सुटा दिसला तर वर्ग पुढे सरकायचाच नाही.

भावीची जोडीदार ठमी. ठमी खालच्या वाडीवरची. काळी, काटकुळी, अंगाने एवढीशी पण नजर अशी की तुमच्या पदराला कुठे गाठ मारली आहे ते तिला दिसावं. भावी गोरीगोमटी आणि बडबडी. एक बोलायची, एक बघायची. मी खिचडी वाढताना दोघींची ताटं शेजारी शेजारी, आणि भावीच्या ताटातले वाटाणे कधी ठमीच्या ताटात जायचे ते मला कधी पकडता आलं नाही.

गावामागे एक टेकाड आहे. वहिनींचा तो सगळ्यांत लाडका वर्ग. पोरांना वर न्यायच्या, टेकाडाच्या अगदी माथ्यावर उभं करायच्या आणि पाण्याची बाटली कलती करायच्या. पाणी दोन बाजूंना पळायचं. “हे इकडे गेलं,” वहिनी सांगायच्या, “ते आपल्या ओहोळात, तिथून उल्हास नदीत. आणि हे तिकडे गेलं ते पाताळगंगेला, खोपोलीच्या बाजूला. म्हणजे हे गेलं माझ्या सासरी आणि हे गेलं माझ्या माहेरी.” पोरं खिदळायची. एकदा मीही गेले होते बघायला. भावीने तेव्हा विचारलं, “आई, मग मी कुठलं पाणी? सासरचं का माहेरचं?”

“वर्गात आई नाही, बाई,” वहिनी म्हणाल्या.

“बाई, मी कुठलं पाणी?”

“तू मधली गं. तू इथली, टेकाडावरची.”

भावी कंबरेवर हात ठेवून माथ्यावर उभी राहिली, जशी काही जहागीर मिळाली. मी म्हटलं, “बघा, आत्याला कुनी विचारत नाय ती कुटल्या पाण्याची.” त्यावर ठमी हळूच म्हणाली, “तुमी खिचडीच्या पाण्याच्या,” आणि सगळी टोळी माझ्यावर हसली.

आणि एक प्रश्न त्यांनी पोरांच्या तोंडात बसवला होता. पाण्यात काहीही टाकण्याआधी विचारायचं, खाली कोण पितंय? बस्स, एवढंच. पण पोरांनी त्या प्रश्नाने गावाला जेरीस आणलं. म्हशी धुणाऱ्याला विचार, साबण लावणारीला विचार. माझा दादा, नीलेश, टेंपो चालवतो. एका रविवारी त्याने टेंपो ओहोळात घातला आणि मस्त चाकं धुवायला लागला. वरून भावीचा आवाज आला, “बाबा, खाली कोण पितंय?”

“तुजा मामा!” दादा म्हणाला.

“मामा नाय पित. मामा पाताळगंगेवाला.”

दादा एवढा हसला की त्याच्या हातातली बादली पडली. टेंपो मात्र त्याने बाहेर काढला, आणि पुन्हा कधी ओहोळात घातला नाही.

माझे वडील गेले तेव्हा त्यांची राख आमच्या रीतीने ओहोळातच सोडली. आमच्यात नाशिकला वगैरे कोणी जात नाही. आमचा ओहोळ उल्हासला मिळतो, तीच आमची गंगा. वहिनी तेव्हा काही बोलल्या नाहीत. सून बोलणार काय? पण शाळा भरल्यावर भावीने सगळ्या वर्गासमोर विचारलं, “बाई, आजोबांची राख टाकली तेव्हा खाली कोण पीत होतं?” वहिनींचा चेहरा उतरला म्हणे. मग त्या म्हणाल्या, “चुकलंच. यापुढे राख पण नाही.” ते गावभर झालं. माझी आई, सोनुबाई, चार दिवस वहिनींशी बोलली नाही. मग बोलायला लागली, कारण आईला न बोलता राहताच येत नाही, मी तिचीच लेक.

आता पुढचं. ते सांगायला मला जड जातं, पण सांगते.

लावणीचे दिवस होते. आईचा आवाज खाचरातून घरापर्यंत यायचा. भावीला सुट्टी होती. आईने हाक मारली, “ये गं, लाव चार मुठी. बघू तरी बाईची लेक शेतकरीन हाय का नुसती पुस्तकातली.” भावी अनवाणी उतरली, पोटरीएवढ्या चिखलात दिवसभर नाचली, संध्याकाळी चिखलाचा पुतळा होऊन घरी आली. त्याच आठवड्यात शनिवारी ओहोळावर वर्ग होता. पोरं काठावरून पुराचं पाणी बघत होती. ठमीची चप्पल पायातून निसटली आणि पाण्यात गेली. काठाजवळच एका मुळीला अडकली होती. भावी एक पाय पाण्यात घालून वाकली आणि चप्पल घेऊन वर आली. वहिनी रागावल्या. भावी म्हणाली, “बाई, जोडीदाराचं हरवलं तर आपण बघायचं ना?”

मग ताप आला. आधी वाटलं साधा आहे. पोटऱ्या दुखतात म्हणून रडायची, आई तेल लावून चोळत बसायची. मग डोळे लाल झाले, मग पिवळे. कर्जतहून पनवेलला नेली. लेप्टो, असं डॉक्टर म्हणाले. उशीर झाला होता की पोरीचं अंगच नाजूक होतं, देव जाणे. दादाने विचारलं, कशानं झालं? डॉक्टर म्हणाले, चिखल असेल, साचलेलं पाणी असेल, उंदीर फिरलेली कुठलीही ओली जागा असेल, सांगता येत नाही.

सांगता येत नाही, हेच वाईट झालं. सांगता आलं असतं तर एकच कोणी झुरली असती. आता सगळ्याच झुरायला लागल्या.

पोरीला घरी आणली त्या दिवशी आई अंगणात बसून ओरडली, “ओहोळानं खाल्ली माजी नात! कशाला न्यायची पोरांना पाण्यावर?” सगळ्या आळीने ऐकलं. वहिनी ऐकत होत्या, एक अक्षर बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मोठे गुरुजी भेटायला आले तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, “गुरुजी, आता शनिवार नको.” आणि राखेचा विषय निघाला तेव्हा आई म्हणाली, “पाण्यात सोडल्याबिगर पोर सुटायची नाय. तुमचे नेम शाळेत ठेवा.” मी वहिनींकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. त्या म्हणाल्या, “आई म्हणतील तसं.”

माझ्या त्या वहिनी! ज्यांनी पाटलांचा पोल्ट्रीचा घाण पाइप भर ग्रामसभेत बोलून बंद करवला होता. मला आईचा राग आला नाही, एवढा वहिनींचा आला. पण तो राग नव्हता. बघवत नव्हतं मला.

तर असे आम्ही त्या दिवशी ओहोळावर आलो होतो. बाया स्मशानात येत नाहीत आमच्यात, पण वहिनी निघाल्या आणि त्यांना अडवायची कोणाची छाती झाली नाही. मग आईही निघाली, मग मीही. वडिलांच्या वेळी राखेच्या पाट्याच्या पाट्या भरल्या होत्या. भावीची एका पाटीत मावली, तीही पुरती भरली नाही. वहिनी त्या पाटीशेजारी मांडी घालून बसल्या होत्या, वर्गात पोरांच्या शेजारी बसायच्या तशा.

आणि तेवढ्यात ही दोघं टोपली घेऊन उभी.

“चला, पळा घरी!” गजाकाका म्हणाले. “अक्कल हाय का नाय तुमाला?”

लडकू मागे सरला. त्याने टोपलीचा कान सोडला. ठमी सरली नाही. तिने ती टोपली दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

“आमची पाळी हाय,” ती म्हणाली. “माजी आनी भावीची. भावी नाय म्हून लडकूला आनला.”

दादा शेडच्या खांबाला टेकून उकिडवा बसला होता. तो ताडकन उठला. मला वाटलं आता हात उगारतो. तो तसाच शेडच्या मागे गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

“पोरी,” आई म्हणाली, “तुला कळतंय का तू काय करतेस?”

ठमीने आईकडे बघितलं नाही. ती वहिनींकडे बघत होती. शाळेत उत्तर द्यायला उभी राहायची तशी सरळ उभी होती.

“बाई, तुमीच बोललेल्या. राख पन नाय. इचारायचं म्हनून बोललेल्या.”

“काय विचारायचं?” वहिनी म्हणाल्या. तीन दिवसांत त्यांचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकू आला.

“खाली कोण पितंय?”

ओहोळाचं पाणी तेवढं खळखळत होतं.

“मग सांग,” वहिनी म्हणाल्या. “कोण पितंय?”

“आमीच,” ठमी म्हणाली. “आमची वाडी. त्या वळनापल्याड आमचा डवरा हाय.”

ओहोळाच्या काठाला वाळूत खड्डा खणायचा, त्यात पाणी झिरपतं, ते वाटीने हंड्यात भरायचं. तो डवरा. ठमीच्या वाडीला नळ अजून पोचलेला नाही, ती माणसं तेच पाणी पितात. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण माहीत असलेलं असं कोणी तोंडावर सांगितलं नव्हतं, आणि ठमीही काही टोमणा मारत नव्हती. बाईंनी विचारलं, तिने उत्तर दिलं.

ती दोन पावलं पुढे आली आणि पाटीत डोकावली. बराच वेळ बघत राहिली. मग टोपली खाली ठेवली.

“ही भावी हाय?”

वहिनींनी मान हलवली.

“मंग टाका, बाई,” ठमी म्हणाली. “आमी पिऊ. भावीच हाय ना. आमाला चालंल.”

देवा शप्पथ सांगते, मी आयुष्यात पुष्कळ रडले आहे, नवऱ्याघरी तर रोजच. पण असं रडू मला कधी आलं नाही. तोंडात पदर कोंबला तरी आवाज बाहेर येत होता. गजाकाकांनी फावड्यावर डोकं टेकलं.

आई बसल्या जागेवरून उठली. गुडघ्यांनी अधू बाई, पण हाताचा आधार न घेता उठली, आणि तिने ती पाटी दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढली.

“नको,” ती म्हणाली. “नको गं बाय माजी. पोरांना नका पाजू माजी नात.” आणि मग पाटीवर वाकून ती ओक्साबोक्शी रडायला लागली. “ओहोळाचं नाव उगाच घेतलं मी. माज्या खाचरात उतरली व्हती ती. मीच बोलावली. अनवानी उतरवली मी तिला चिखलात, मी!”

“नाही हो आई,” वहिनी म्हणाल्या. “ओहोळात पाय घातला होता तिने. माझ्या डोळ्यांदेखत घातला. माझाच वर्ग होता.”

“खाचरात दिसभर व्हती गं ती. ओहोळात एक पाय, तो बी घटकाभर.”

“एका पायानेही होतं, आई.”

एरवी या दोघी आमटी खारट झाली तरी ती एकमेकींवर ढकलायच्या. आज दोघी तो दोष हिसकावून आपल्याकडे ओढत होत्या, आणि त्यात दोघींचे हात पाटीवर एकावर एक आले होते. मी ओरडले, “पुरे करा! डॉक्टर बोललेत ना सांगता येत नाय म्हून!” पण माझं कोण ऐकतंय.

तेवढ्यात ठमी अगदी हळू म्हणाली, “चप्पल माजी व्हती.”

दोघींनी तिच्याकडे पाहिलं. तेव्हा माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. अनवाणी होती. भावी आजारी पडल्याचं कळलं त्या दिवसापासून तिने ती चप्पल पायात घातलेली नव्हती, हे मला नंतर तिच्या आईकडून कळलं.

वहिनींनी हात पुढे केला आणि ठमीला जवळ ओढून घेतलं. काही समजावलं नाही, शिकवलं नाही. नुसतं तिला मांडीवर घेऊन बसल्या, तिचे अनवाणी पाय पदराखाली घेऊन.

मग गजाकाका खाकरले. “पन मंग करायचं काय? पाण्यात नाय गेली तर पोर सुटायची कशी?” ते रागाने नव्हते विचारत. त्यांना खरंच कळत नव्हतं.

“टेकाडावर नेऊ,” वहिनी म्हणाल्या. “खोल खड्डा करू. माती गाळून घेते सगळं. वरून पाणी घालू आपण.”

आईने डोळे पुसले. “पाणी घातलं की झालं?”

“तिथून पाणी दोन्हीकडे जातं, आई.”

आम्ही वर गेलो. पाटी दादाने नेली, डोक्यावर नाही, कडेवर. लडकू पुढे पळाला आणि माथ्याची जागा दाखवली, कारण ती जागा पोरांइतकी कोणालाच पाठ नाही. खड्डा गजाकाकांनी खणला. दुसऱ्या कोणाला फावड्याला हात लावू दिला नाही. म्हातारा दमला, धापा टाकायला लागला, तरी खणत राहिला. राख आत गेली, माती लोटली, वर दगड रचले, जसे पोरं शनिवारी रचायची तसे, मोठे खाली आणि बारके वर.

मग आईने कळशी कलती केली. पाणी दगडांवरून उतरलं, मातीत मुरलं, आणि मुरून उरलं ते बारीक धारेने दोन बाजूंना निघालं. आई वाकून बघत होती.

“इकडं सासर आनी तिकडं म्हायेर, व्हय गं?” तिने वहिनींना विचारलं.

“हो.”

“आनी ही कुटली म्हनायची?”

वहिनी एक निसटलेला दगड नीट बसवत राहिल्या. मला उत्तर माहीत होतं, वहिनींनी ते दिलं तेव्हा मी तिथे उभी होते. पण शेवटी ठमीनेच सांगितलं. “भावी हितलीच. बाई बोललेल्या.”

त्यानंतर गणपती आले, गेले. टोपली घेऊन पोरं ओहोळावर उभी राहिली, वहिनी गेल्या नाहीत. शनिवारी पोरं वर्गातच बसायची. वहिनी गणितं घालायच्या, बरोबर-चूक करायच्या, घरी यायच्या. भावीच्या नावाची हाक एकदा सवयीने त्यांच्या तोंडातून निघाली, तेव्हा वर्गातली सगळी पोरं एकदम “हजर” म्हणाली म्हणे. वहिनी त्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या चुलीजवळ येऊन बसल्या आणि धूर डोळ्यांत जातोय असं म्हणत राहिल्या. मीही म्हटलं, लाकडं ओली आहेत.

दिवाळी होऊन शाळा उघडली. ओहोळाचं पाणी उतरायला लागलं होतं. बांध घालायची हीच वेळ, आणखी उशीर झाला की अडवायला पाणीच उरत नाही. पण मी काही बोलले नाही. आईच एका सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, तव्याकडे बघत, “रिकाम्या गोनी ठेवल्यात मी गोठ्यात. नीलेशला सांगितलं व्हतं आनायला.” वहिनी जेवता जेवता थांबल्या. मग पुन्हा जेवायला लागल्या.

त्या शनिवारी वहिनी माझ्या चुलीशी आल्या. “आवडीताई, आज खिचडी जरा लवकर होईल?”

“का?” मी विचारलं. मला कळलं होतं, पण मला ऐकायचं होतं.

“ओहोळावर जायचंय.”

मी म्हटलं, “मी बी येनार. तुमी एकट्या पोरांना आवरनार नाय.” खोटं बोलले. पोरांना त्यांच्याइतकं कोणी आवरू शकत नाही.

ऊन छान पडलं होतं. पोरांच्या खांद्यावर गोणी, वाटेत गडबड, धक्काबुक्की. काठावर पोचलो तसे सगळे आपोआप गप्प झाले. वहिनी नेहमीच्या दगडावर उभ्या राहिल्या. त्यांनी ओहोळाकडे बघितलं. मग पोरांकडे. आणि म्हणाल्या, “जोडी!”

हात वर गेले. एकमेकांत अडकवलेले, नेहमीसारखे. लडकूचा त्याच्या नेहमीच्या जोडीदाराच्या हातात. आणि सगळ्यांत शेवटी ठमीचा, एकटा. तिने तो खाली केला नाही. उंच धरून ठेवला, जणू कोणी येऊन धरेल.

सुटा हात दिसला की वर्ग पुढे सरकत नाही.

वहिनी दगडावरून उतरल्या. पोरांच्या मधून वाट काढत शेवटपर्यंत गेल्या, ठमीच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि तिचा हात धरून वर केला. थोडा वेळ तसाच धरला. मग खाली बघून म्हणाल्या, “ठमे, चप्पल कुठाय?”

“घरी हाय.”

“अनवाणी पाण्याजवळ यायचं नाही. नियम काय आहे?”

ठमीने एक पाय दुसऱ्या पायामागे लपवला.

“जोडीदाराचं ऐकायचं असतं ना?”

ठमीने मान हलवली. वळून घराकडे पळणार, तेवढ्यात वहिनींनी हात घट्ट धरला. “एकटी नाही,” त्या म्हणाल्या, आणि दोघी निघाल्या, काठाकाठाने खालच्या वाडीकडे, वळणापल्याड.

पोरं गोणी घेऊन तशीच उभी राहिली. एकाने मला विचारलं, “आवडीताई, बाई कुटं गेल्या?”

“गप बसा सगळी, कुनी हलायचं नाय,” मी म्हटलं. “बाई जोडीदाराची चप्पल आनायला गेल्यात.”